हयगयीची भरपाई आणि कायद्याची मर्यादा

सन १९५३ च्या मे महिन्यांतील गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेत या गांवीं समुद्राच्या वाळूवर एका वीस वर्षांच्या तरुणाला अपघात झाला आणि त्याच्या डाव्या मांडीचें हाड मोडलें. किनारा घरापासून दीड मैल लांब. बाज आणवून मुलाला घरीं नेईपर्यंत रात्र पडली. गांवच्या डॉक्टरांनीं लांकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला व दुसऱ्या दिवशीं पुण्यास नेण्याचा सल्ला दिला. पुढें मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास भाड्याची मोटार निघाली आणि सुमारें दोनशें मैलांचा रस्ता कापून ९ मे रोजीं साडेअकराच्या सुमारास पुण्यास पोंचली. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर. ते दौंड येथें व्यवसाय करीत असत व तेथून पुण्यास येऊन थांबले होते. सव्वादोन वाजतां मुलाला एका खाजगी रुग्णालयांत दाखल करण्यांत आलें. पायावर उपचार होऊन प्लास्टर चढलें आणि साडेपांचच्या सुमारास मुलाला खोलींत आणलें. सात वाजेपर्यंत मॉर्फियाची गुंगी उतरेल असा भरंवसा मिळाल्यावर वडील दौंडला परतले. आई मुलापाशीं राहिली. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घेण्यास त्रास होत असल्याचें तिच्या ध्यानीं आलें. डॉक्टरांनीं धांवपळ केली. परंतु रात्रीं नऊ वाजतां मुलगा गेला.

आईबापांनीं भरपाईचा दावा लावला. पुरेशी भूल न देतां, तीन मदतनिसांकरवीं जोर लावून हाड बसविण्याचा प्रयत्न झाला आणि त्या धक्क्यानें मृत्यू ओढवला, असें त्यांचें म्हणणें होतें. मृत्यूचें कारण रक्तांत शिरलेली चरबी हें होय, असें डॉक्टरांचें उत्तर होतें. दिवाणी न्यायालयानें आईबापांचें म्हणणें ग्राह्य धरलें, उच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला, आणि अखेर २ मे १९६८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें डॉक्टरांचें अपील फेटाळलें. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले या नांवानें हा निकाल कायद्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. रोगी हातीं घ्यावयाचा कीं नाहीं हें ठरवितांना, उपचार कोणता करावयाचा हें ठरवितांना आणि तो प्रत्यक्ष करतांना, अशा तिन्ही वेळीं वाजवी काळजी घेण्याचें कर्तव्य डॉक्टरवर आहे, हें तत्त्व त्या निकालानें स्पष्ट शब्दांत मांडलें. वैद्यकीय हयगयीच्या खटल्यांत तें आजहि आधारास घेतलें जातें.

आतां या निकालांतील रक्कम पाहावी. वीस वर्षांच्या मुलाच्या मृत्यूबद्दल, पंधरा वर्षांच्या न्यायालयीन वाटचालीनंतर, आईबापांना मंजूर झाली ती भरपाई तीन हजार रुपये होती.

त्या काळीं तीन हजारांचें मोल आजच्याहून पुष्कळ अधिक होतें हें खरें. तथापि एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. भरपाई अमुक रकमेच्या वर जाऊं नये असा कोणताहि निर्बंध त्या वेळीं कायद्यांत नव्हता. निर्बंध नसतांनाहि रक्कम तीन हजारांवर थांबली. वैद्यकीय हयगयीच्या भरपाईला कायद्यानें कमाल मर्यादा घालावी काय, हा प्रश्न आज पुन्हां पुन्हां विचारला जातो. त्याचा विचार करतांना पुण्यांतील हा खटला आरंभीं डोळ्यांपुढें असलेला बरा.

हा प्रश्न ऐरणीवर येण्याचें कारण निराळ्याच प्रकारच्या एका निकालांत आहे. सन १९९८ मध्यें अमेरिकेंत स्थायिक झालेली एक छत्तीस वर्षांची बालमानसशास्त्रज्ञ स्त्री सुट्टीसाठीं कलकत्त्यास आली असतां आजारी पडली. तेथील उपचारांत झालेल्या चुकीनें तिचा मृत्यू ओढवल्याचें पुढें सिद्ध झालें. तिचे पति स्वतः डॉक्टर. त्यांनीं पंधरा वर्षें लढा दिला. २४ ऑक्टोबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना सुमारें ५ कोटी ९६ लक्ष रुपये आणि त्यावर व्याज देवविलें. त्या निकालानें देशांतील वैद्यकवर्ग हादरून गेला. तत्पूर्वीं, १३ नोव्हेंबर १९९५ रोजीं, डॉक्टरांची मोबदला घेऊन केलेली सेवा ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेंत येते असा निर्णय त्याच न्यायालयानें दिला होता. त्यामुळें दिवाणी न्यायालयाची फी न भरतां दाद मागण्याचा मार्ग सामान्य माणसाला खुला झाला होता. दार उघडें झालें आणि रक्कमहि मोठी झाली, तेव्हां या दाराला चौकट हवी असें डॉक्टरांना वाटूं लागलें.

त्यांचें म्हणणें सहज झटकून टाकण्यासारखें नाहीं. पुण्याच्या एखाद्या पेठेंत किंवा उपनगरांत दहा-पंधरा खाटांचें रुग्णालय चालविणारें डॉक्टर दांपत्य घ्यावें. कर्ज काढून इमारत बांधली, यंत्रें आणलीं, रात्री-अपरात्रीं प्रसूतीसाठीं दार उघडलें. अशा कुटुंबावर एका चुकीपायीं कोट्यवधींचा हुकूमनामा झाला तर जन्माची मिळकत धुऊन निघेल. विमा उतरावा तर हप्ता वाढत जाणार, आणि तो हप्ता शेवटीं रोग्याच्याच बिलांत उतरणार. भयापोटीं आवश्यक नसलेल्या तपासण्या लिहून दिल्या जातात. गुंतागुंतीचा रोगी आला कीं "मोठ्या रुग्णालयांत न्या" असें सांगून त्याची वाटेला बोळवण होते. त्या वाटेवर घटका निघून जातात, आणि कधीं कधीं त्या घटकांतच रोग्याचा जीव असतो. धास्तावलेल्या हातांनीं शस्त्रक्रिया नीट होत नाहीं, हा विचार सर्वोच्च न्यायालयानेंहि २००५ सालीं जेकब मॅथ्यू यांच्या खटल्यांत मान्य केला आणि घोर हयगय असल्यावांचून डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालूं नये अशी मर्यादा घातली. फौजदारींत मर्यादा योग्य ठरते, मग भरपाईंत कां नको, असा सवाल त्यावर केला जातो.

या सवालाचें उत्तर देण्यापूर्वीं शिक्षा आणि भरपाई यांतील भेद ओळखला पाहिजे. आपल्याकडील प्राचीन शास्त्रकारांनीं चुकलेल्या वैद्याला दंड सांगितला आहे. जिवाला धोका असलेल्या रोगाची वर्दी न देतां उपचार केले व रोगी दगावला तर वैद्याला हलका दंड, आणि उपचारांतील चुकीनें दगावला तर त्याहून भारी दंड, अशी व्यवस्था कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आहे. याज्ञवल्क्य स्मृतींत तर आणखी एक पायरी आहे : चुकीचा उपचार पशूवर झाला तर दंड लहान, मनुष्यावर झाला तर मध्यम आणि राजपुरुषावर झाला तर सर्वांत मोठा. हे सारे दंड होत. त्यांचें माप वैद्याच्या अपराधावरून व रोग्याच्या दर्जावरून ठरे. आजच्या भरपाईचें माप निराळें आहे. डॉक्टर किती वाईट वागला हें ती मोजीत नाहीं. रोग्याचें आणि त्याच्या माणसांचें किती नुकसान झालें, तें ती मोजते. शिक्षेला कमाल मर्यादा असणें न्यायाचें आहे, कारण शिक्षा देणारा हात आवरावाच लागतो. पण झालेलें नुकसान कायद्यानें लहान होत नाहीं. भरपाईवर मर्यादा घातली तर उरलेला भार नाहींसा होत नाहीं. तो रोग्याच्या घरांत राहतो.

आतां ही मर्यादा कोणाच्या अंगावर पडेल हें पाहूं. भरपाईचे साधारणतः दोन भाग असतात. पहिला भाग पैशानें मोजतां येणाऱ्या नुकसानीचा : उपचारांचा खर्च, बुडालेली मिळकत. दुसरा भाग न मोजतां येणाऱ्या नुकसानीचा : वेदना, अपंगत्व, आईवांचून वाढणारें मूल. ज्या ज्या देशांत मर्यादेचा कायदा झाला तेथें तो बहुधा या दुसऱ्या भागावर झाला. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यानें १९७५ सालीं या भागावर अडीच लक्ष डॉलरांची मर्यादा बसविली. पुढें महागाई कितीहि वाढली तरी तो आंकडा २०२२ सालअखेरपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षें, जागचा हालला नाहीं. १ जानेवारी २०२३ पासून तो मृत्यूच्या बाबतींत पांच लक्ष आणि इतर बाबतींत साडेतीन लक्ष डॉलर झाला. दहा वर्षांत तो टप्प्याटप्प्यानें अनुक्रमें दहा लक्ष व साडेसात लक्षांपर्यंत जावयाचा आहे. इलिनॉय व जॉर्जिया या राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांनीं मात्र २०१० सालीं आपापल्या राज्यांतील तसल्या मर्यादा राज्यघटनेविरुद्ध म्हणून रद्द ठरविल्या. एकदां कायद्यांत गोठविलेला आंकडा वाढविण्यास एक पिढी खर्ची पडते, एवढा धडा यांतून घेण्यास हरकत नाहीं.

अशा मर्यादेनें मोठ्या पगाराच्या माणसाचें फारसें बिघडत नाहीं. त्याची बुडालेली मिळकत पहिल्या भागांत मोजली जाते. बिघडतें तें मिळकत नसलेल्यांचें. पाळण्यांतलें मूल, शाळेंत जाणारी मुलगी, निवृत्त म्हातारा आणि घर चालविणारी गृहिणी यांच्या बाबतींत पहिला भाग नाममात्र असतो. त्यांना जें मिळावयाचें तें मुख्यतः दुसऱ्या भागांतून. तोच भाग बांधून टाकला कीं या दुबळ्यांचा जीव कायद्याच्या हिशेबीं स्वस्त होतो. पालशेतहून आलेला तो तरुणहि वीस वर्षांचाच होता.

गृहिणीच्या श्रमाचें मोल करणें किती अवघड आहे हें जमशेदपूरच्या एका दुर्घटनेनें दाखवून दिलें. ३ मार्च १९८९ रोजीं तेथील पोलाद कारखान्याच्या संस्थापकदिनाच्या समारंभांत आग लागली आणि अनेक स्त्रिया व मुलें दगावलीं. भरपाई ठरविण्याच्या कामीं सर्वोच्च न्यायालयानें माजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांचें साहाय्य घेतलें. पुण्यांत जन्मलेल्या या न्यायाधीशांनीं केलेला हिशेब पुढें २००१ सालीं न्यायालयापुढें आला. तेव्हां चौतीस ते एकोणसाठ वर्षें वयाच्या गृहिणीची सेवा निदान महिना तीन हजार रुपयांची धरावी असें न्यायालयानें ठरविलें आणि पूर्वींच्या रकमा वाढविल्या. तो खटला वैद्यकीय हयगयीचा नव्हता. परंतु स्वयंपाकघरांतल्या श्रमालाहि हिशेबाच्या वहींत जागा आहे हें त्यानें मान्य केलें. हें मोल अजून पुरतें ठरावयाचें आहे. तें पुरतें ठरण्याआधींच त्यावर छप्पर बसविणें घाईचें होईल.

यावर असें विचारलें जाईल कीं, आपल्याच देशांत कायद्यानें ठरविलेल्या ठराविक रकमा आहेत, त्या कशा चालतात? आगगाडीच्या अपघातांत प्रवासी दगावला तर १ जानेवारी २०१७ पासून आठ लक्ष रुपये ठरलेले आहेत. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर यांतील देवघेवींत आहे. आगगाडीच्या अपघातांत वारसाला रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाहीं. अपघात झाला आणि माणूस दगावला एवढें पुरतें. न्यूझीलंड देशानें १ एप्रिल १९७४ पासून अपघाती इजांसाठीं अशीच योजना केली आणि वैद्यकीय उपचारांतून होणाऱ्या इजाहि तींत घेतल्या : चूक कोणाची हें न विचारतां सार्वजनिक निधींतून साहाय्य द्यावयाचें, आणि त्याच्या बदल्यांत भरपाईचा खटला करण्याचा हक्क सोडावयाचा. ठराविक रक्कम येथें शोभते, कारण तिच्या मोबदल्यांत माणसाला झटपटपणा व खात्री मिळते. आपल्याकडील रोग्याला मात्र चूक सिद्ध करावी लागते, दुसऱ्या डॉक्टरचें मत मिळवावें लागतें, वकील द्यावा लागतो आणि वर्षानुवर्षें खेटे घालावे लागतात. त्याच्यावरचें हें ओझें तसेंच ठेवून वर रकमेला मर्यादा घालणें म्हणजे एका हातानें कांहीं न देतां दुसऱ्या हातानें काढून घेणें होय.

आणि खेटे म्हणजे किती? औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयांत जुलै १९६३ मध्यें एका बाळंतिणीची संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेच्या वेळीं टॉवेल पोटांत राहून गेला. पुन्हां पोट उघडून तो काढण्यांत आला; पण २४ जुलै रोजीं ती स्त्री वारली. खालच्या न्यायालयानें ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयानें तो निर्णय सरकारपुरता फिरविला, आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो पुन्हां उभा केला. मध्यंतरीं साडेबत्तीस वर्षें लोटलीं होतीं. पोटांत राहिलेल्या टॉवेलाबद्दल फारसा वाद घालण्यासारखें काय असावें? तरीहि एक पिढी उलटली. सन २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत, समोरच्या पक्षाला नोटीस मिळाल्यापासून शक्य तों तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पांच महिन्यांत, तक्रारीचा निकाल लावावा असें लिहिलें आहे. वैद्यकीय तक्रारींच्या वाट्याला ही मुदत क्वचितच येते. रक्कम मोठी झाली असें जें वाटतें, त्यांत वर्षानुवर्षें सांचलेल्या व्याजाचाहि वाटा असतो, ही गोष्ट डॉक्टरांनींहि ध्यानांत घ्यावी. विलंबाचा तोटा दोन्ही पक्षांना आहे.

मग डॉक्टरांच्या भयाला औषध नाहीं काय? आहे, आणि तें कमाल मर्यादेहून अधिक गुणकारी आहे.

पहिलें औषध निश्चित मापाचें. डॉक्टरांना भय वाटतें तें मुख्यतः रक्कम किती होईल याचा अंदाज नसल्यामुळें. मोटार अपघातांच्या दाव्यांत अशीच अनिश्चितता होती. २००९ सालीं सरला वर्मा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें वयानुसार गुणकांचा तक्ता घालून दिला : पंचविशीपर्यंतच्या तरुणाच्या वार्षिक मिळकतीला अठरानें गुणावें, वय वाढेल तसा गुणक उतरत जावा. २०१७ सालीं त्यांतील भावी वाढीचा हिशेब अधिक व्यापक झाला आणि अंत्यविधि वगैरे ठराविक बाबींच्या रकमांत दर तीन वर्षांनीं शेंकडा दहा वाढ करावी असें ठरलें. कलकत्त्याच्या खटल्यांत मात्र न्यायालयानें हा तक्ता वैद्यकीय दाव्यांना सरसकट लावण्यास नकार दिला, कारण प्रत्येक रोग्याची कहाणी निराळी असते. हें मान्य करूनहि असें म्हणतां येईल कीं, तक्ता किमान रकमेसाठीं वापरावा, गृहिणी व मुलें यांच्यासाठीं त्यांत निश्चित मिळकत धरावी, आणि त्यापलीकडे जावयाचें असेल तर न्यायाधीशांनीं कारणें लिहावीं. कारण लिहावें लागलें कीं मनमानीला आपोआप आळा बसतो.

दुसरें औषध भार वांटून घेण्याचें. कलकत्त्याच्या त्या गाजलेल्या निकालांतच याचें उदाहरण आहे, पण तें फारसें कोणी सांगत नाहीं. जवळजवळ सहा कोटींच्या रकमेपैकीं तीन डॉक्टरांच्या वाट्याला आले ते अनुक्रमें दहा, दहा व पांच लक्ष, म्हणजे एकूण पंचवीस लक्ष रुपये. बाकीची सारी रक्कम रुग्णालयानें द्यावयाची होती. ज्याच्या हातीं व्यवस्था आणि नफा, त्यानें मोठा भार उचलावा आणि व्यक्तीनें आपल्या चुकीपुरता, हें तत्त्व कायद्यांत स्पष्ट लिहिलें व प्रत्येक रुग्णालयाला विमा सक्तीचा केला, तर दहा खाटांच्या डॉक्टरलाहि शांत झोंप लागेल आणि रोग्यालाहि हातीं कोरा हुकूमनामा घेऊन बसावें लागणार नाहीं.

तिसरें औषध कागदांचें आणि शब्दांचें. डॉक्टरानें दाखल रोग्याचीं कागदपत्रें तीन वर्षें जपावींत आणि मागितल्यापासून बहात्तर तासांत द्यावींत, असा नियम २००२ सालापासून आहे. तो प्रामाणिकपणें पाळला गेला तर निम्मे संशय कज्जा होण्याआधींच विरतील. नातलग न्यायालयाची पायरी चढतात तीं पुष्कळदां पैशापेक्षां उत्तरासाठीं. काय झालें, कसें झालें, हें कोणी समोर बसून सांगितलें नाहीं, म्हणून तो प्रश्न ते न्यायाधीशाला विचारतात.

सारांश, भरपाईवर कायद्यानें कमाल आंकडा बसवूं नये. त्यानें मोजायला हवें तसें मोजलें जावें, एवढीच व्यवस्था करावी : किमान माप, लिहिलेलीं कारणें, वांटलेला भार आणि पाळली जाणारी मुदत. ज्या दिवशीं आपला देश चूक न विचारतां प्रत्येक जखमी रोग्याला त्वरित साहाय्य देऊं शकेल, त्या दिवशीं ठराविक रकमेचा विचार खुशाल करावा. त्या आधीं तो करणें अन्यायाचें होईल.

गुंगी सात वाजतां उतरेल या भरंवशावर दौंडची वाट धरलेल्या पित्याला अखेरचा निकाल मिळावयास १९६८ साल उजाडलें. तीन हजार रुपयांसाठीं कोणी पंधरा वर्षें भांडत नाहीं. आपला मुलगा गेला तो कोणाच्या तरी हयगयीनें गेला, एवढें न्यायासनाच्या तोंडून त्याला वदवून घ्यावयाचें होतें. तें त्याला मिळालें. पुढच्या पित्याला तें लवकर मिळावें आणि त्याच्या मुलाचें मोल आधींच छापून ठेवलेल्या आंकड्यानें ठरूं नये, इतकी अपेक्षा कायद्याकडून बाळगणें वावगें नाहीं.